ढोम्याचा चौथा पाय

सुमे, मारेगावच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागली तेव्हा आई मला म्हणाली, "चित्रं काढून पोट भरत असन तं भर बाई." तू माझी पेटी सीटखाली सरकवलीस आणि उतरलीस. पुण्याला चित्रकला शिकायला आपल्या दोघी बहिणींतल्या एकीलाच पाठवणं जमणार होतं. मी मोठी, म्हणून मी. हात तुझा चांगला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. हे सगळं सुचतं कुठून, असं लोक विचारतात. मी 'लहानपण' म्हणून विषय संपवते. खरं उत्तर लांब आहे. भाव चढेल म्हणून बाबा कापूस लवकर विकत नसत; पुढची खोली आढ्यापर्यंत भरायची. आपण त्या ढिगावर चढून चुलीतल्या कोळशाने भिंतीवर, पार वर, जनावरं काढायचो. अंगाला खाज सुटायची. उन्हाळ्यात मिळेल त्या भावाने कापूस गेला की ती जनावरं उंचावर तशीच राहायची, पुसायलाही हात पोचत नसे. बोंडअळीच्या वर्षी ढीग गुडघ्याएवढा होता. मी त्याच वर्षी निघाले.

त्या जनावरांतला ढोम्या तुझा. पाठीवर शिंगं आणि पाय तीनच. चौथा कुठे, म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, "कापसात फसला त्याचा. म्हणूनच तं तो कुठी जात नाई."

प्रकाशकाला आठ दिवसांत नवं जनावर हवं होतं. मी ढोम्या दिला. संपादकबाई म्हणाल्या, तीन पायांवर पालक तक्रार करतील. मी चौथा जोडला. पुस्तकावर नाव माझं. ते चाललं, ढोम्या मुलांच्या दप्तरांवर आला. तुला सांगायचं राहून गेलं, असं म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

मग तुझ्या पोरीने शाळेतून तेच पुस्तक घरी आणलं आणि तुझा फोन आला. मला वाटलं, भांडशील. तू एवढंच म्हणालीस, "ताई, चौथा पाय काहून देल्ला त्याले? गेला ना तो आता."

पुढच्या आवृत्तीत तुझं नाव टाकते, म्हटलं.

"नाव कायले? पाय पूस त्याचा."

प्रकाशक तयार नाही. खपणारं जनावर कोणी बदलत नाही.

गेल्या दिवाळीत मारेगावला आले तर पुढच्या खोलीला ऑइलपेंट लावलेला, भिंत गुळगुळीत. मी आठवून कागदावर तीन पायांचा ढोम्या काढला आणि तुझ्यासमोर ठेवला. तू तूर निवडत होतीस. "शिंगं बी चुकले," म्हणालीस आणि सूप उचलून आत गेलीस.

पुण्यात माझा फ्लॅट आहे, माझ्या नावावर. तरी कोणी घर विचारलं की तोंडातून मारेगाव निघतं. माझ्या चित्रात काय चुकलं ते सांगू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते तिथे राहतं. शिंगं कशी होती तेवढं लिहून पाठव. फोन तर तू उचलत नाहीस.