सांडव्यावरची पोती

वरच्या वाडीत मला अजून 'पाणी घालवणारी' म्हणतात. तोंडावर नाही, मी पुढे गेल्यावर. म्हणू देत. घालवलंच आहे मी पाणी, लपवायचं काय त्यात? पण का घालवलं तेही एकदा सांगून टाकते. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणायला तो मोकळा.

रत्नागिरीहून जयगडकडे जाताना मध्येच आत वळलं की आमचं गाव लागतं. वरची वाडी कातळावर, खालची पऱ्याच्या काठाला. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. दोन्ही वाड्यांच्या मध्ये धरण आहे. धरण म्हटल्यावर लोकांना लोखंडी दरवाजे आणि बाग दिसते. आमचं तसं काही नाही. दोन टेकड्यांच्या मधोमध मातीचा मोठा बांध, पाण्याच्या अंगाला दगड बसवलेले आणि एका कडेला सांडवा. सांडवा म्हणजे बांधापेक्षा मुद्दाम ठेंगणी ठेवलेली वाट. तलाव भरला की वरचं पाणी तिथून निघून पऱ्याला मिळतं. मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं तर बांध संपला, म्हणून ती वाट. एवढं आमच्या शेरडांनाही कळत असेल.

माझं घर बांधाच्या पायथ्याशी. लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला अर्धंच आभाळ दिसतं, बाकी बांध. त्याची सवय झाली होती. भीती अशी कधी वाटली नव्हती.

धरणाचं पाणी पंपाने वरच्या वाडीतल्या टाकीत चढतं आणि तिथून दोन्ही वाड्यांच्या नळांना येतं. माझी नणंद वरच्या वाडीत दिलेली. कातळावर विहीर टिकत नाही, त्यामुळे नळ यायच्या आधी बाईने उभा जन्म खालून हंडे वाहिले. तिच्या टाळूवरचे केस मधोमध विरळ झालेत ते हंड्यांनी आणि कंबर गेली तीही हंड्यांनीच. म्हणून वरच्या वाडीवाल्यांना मी सरसकट वाईट म्हणत नाही. तहान त्यांची खरी होती. अक्कल मात्र त्या वर्षी गहाण पडली होती.

झालं असं. पाऊस गेल्यावर कार्तिकात पऱ्यावर मातीने भरलेली पोती रचून बंधारा घालायची आमची जुनी रीत. सगळ्यांनी अंगमेहनत करायची, दुपारी एकत्र उसळ-भात खायचा. पण कार्तिकात गावात असतं कोण? आम्ही बायका आणि म्हातारी माणसं. पुरुष सगळे मुंबईला. ते येतात गणपतीला. त्यामुळे आमच्याकडे सगळंच गणपतीत उरकतात. कौलं शाकारणं गणपतीत, पोरींची लग्नं ठरवणं गणपतीत, भावकीची भांडणंसुद्धा गणपतीत. तसा बंधाराही गणपतीत यायला लागला. पऱ्यावर होता तोवर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पाऊस यायचा, पोती वाहून जायची, आम्ही हसायचो.

त्या वर्षी मे महिन्यात नळ कोरडे पडले होते. टँकरमागे धावून बायका थकल्या होत्या. म्हणून गणपतीत आलेल्या मंडळींनी ठरवलं की पोती पऱ्यावर कशाला, थेट सांडव्यावरच घालू. सांडव्याचं तोंड गुडघाभर उंच केलं की अख्खा तलाव गुडघाभर वाढेल. आणि घातली. लाल मातीची पोती, मागे चिरे, फटींत चिखल दाबून बसवलेला. काम एकदम पक्कं. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, शाबासक्या घेतल्या. पोती वाहणाऱ्यांत आमचे हे सगळ्यात पुढे होते.

मी म्हटलं, "अहो, हत्तीचा पाऊस जायचाय अजून. तलाव भरलेला आहे. वाट बुजवून पाणी जाणार कुठून?"

"तुझं आपलं काहीतरीच. जास्त वाढलंच तर काढतील कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण? तुम्ही तर परवा निघालात."

हे हसले आणि बॅग भरायला गेले. हसण्यावारी नेलेली गोष्ट मी विसरत नाही, आणि ही तर विसरण्यासारखी नव्हतीच.

विसर्जन झालं, गाड्या भरून मंडळी गेली आणि हस्ताचा, म्हणजे तोच हत्तीचा, पाऊस लागला. असा लागला की उसंत नाही. तलाव पोत्यांपर्यंत आला, पोत्यांवरून थोडा वाहायला लागला, पण जेवढं येत होतं तेवढं जात नव्हतं. पाणी बांधाच्या माथ्याकडे चढत होतं. आणि एका सकाळी परसात गेले तर बांधाच्या पायथ्याला माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. तिथे बारीक धार लागली होती. ओंजळीत धरून बघितली तर पाणी लाल. बांधातली माती सोबत घेऊन येत होती ती.

फोन केले. पाटबंधाऱ्याचे एक तरुण साहेब रेनकोट घालून आले. त्यांनी आधी धार बघितली, मग सांडव्यावर गेले आणि पोती बघून कपाळाला हात लावून उभेच राहिले.

"खालची वाडी खाली करा. शाळेत हलवा सगळ्यांना," ते म्हणाले.

"आणि पोती?"

"ती वरच्या साहेबांचा हुकूम आल्याशिवाय मला हलवता येणार नाहीत. गावानेच घातलीत, गावाने ठरवून काढली तर बरं."

गावाने ठरवायचं म्हणजे वरच्या वाडीने ठरवायचं. त्यांचं उत्तर आलं की पाऊस ओसरू दे, मग बघू, ही उन्हाळ्याची बेगमी आहे. हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणजे हलायचं आम्ही. म्हातारी माणसं हलणार, पोरं हलणार, गुरं हलणार, आणि पोती तेवढी जाग्यावर राहणार.

लहान-थोर, गुरं-ढोरं सगळी मी शाळेत पाठवली. त्यांच्या जिवाशी खेळ नको. पण मी स्वतः ओटीवर बसून राहिले. ह्यांचा फोन आला, "तू शाळेत जा, घराचं नंतर बघू." मी म्हटलं, "पोती तुम्ही घातलीत ना, आता तिकडनं काढा." आणि फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने नणंद छत्री घेऊन उतरली. एवढ्या पावसात, त्या कमरेने.

"वयनी, चल. हट्ट करू नको गो."

"वन्सं, मी शाळेत जाऊन बसले की तुमची वाडी निवांत झोपेल. खाली माणूस नाही, मग राहू देत पोती. म्हणून मी हलणार नाही. सांगा वरती, मी इथेच आहे."

"आणि मेलीस तर?"

"तर सांगतील खेकड्यांनी बांध पोखरला म्हणून."

ती हसली नाही. पायरीवर टेकली आणि म्हणाली, "पाणी सोडलंस तर एप्रिलात मी काय करू? ही कंबर बघ माझी. परत नाय जमायचे मला हंडे."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "एप्रिलात माझ्या विहिरीवर या. मी पाणी काढून देईन, चढावर हंडाही आणून देईन. पण वन्सं, हे घर माझ्या बापाचं नाही, तुमच्या बापाचं आहे. ह्याच ओटीवर रांगलात तुम्ही. बांध फुटला तर तुमचं माहेर जाणार, माझं नाही."

ती उठली. छत्री उघडून पावसात निघून गेली.

पाऊस जरासा थांबल्यावर मी कोयती आणि विहिरीचा दोर घेऊन सांडव्यावर गेले. खालच्या वाडीतल्या आणखी बायका शाळेतून येऊन मिळाल्या. तिकडून वरच्या वाडीची माणसंही जमली. एकजण म्हणाला, "हात लावू नका. सगळ्या गावाचं पाणी आहे."

"हो ना? मग सगळं गाव खाली येऊन राहा माझ्याकडे. जागा आहे भरपूर," मी म्हटलं आणि दोर कमरेला बांधला.

साहेब तिथेच होते. ते म्हणाले, "एकदम काढू नका. कडेपासून एकेक." मला तेच करायचं होतं. भाताच्या खाचराचं पाणी सोडताना आम्ही बांधाला असंच कडेने तोंड पाडतो. मधोमध फोडलं तर पाणी सगळा बांधच घेऊन जातं. पण दोराचं दुसरं टोक धरायला जड माणूस हवा होता. मी मागे वळले तर टोक नणंदेने उचललेलं. कंबर गेलेली बाई, तिने तो दोर त्याच कमरेला गुंडाळला, बांधावरच्या दगडाला पाय रोवले आणि मला म्हणाली, "काप."

मी पहिलं पोतं कापलं. माती वाहून गेली. मग दुसरं, मग पुढचं. वरच्या वाडीचं कोणी पुढे आलं नाही. त्यांच्याच वाडीची बाई दोर धरून उभी होती, तिला ओढायचं कोणी?

संध्याकाळपर्यंत पाणी सांडव्याच्या मूळ तोंडाशी आलं. परसातली धार बारीक होत होत थांबली. नंतर खात्याने तिथे वाळू-खडी भरून पायथा पक्का केला.

आणि बांध फुटला नाही. तोच माझा गुन्हा ठरला. वरच्या वाडीचे म्हणायला लागले, बघा, काही झालं का, उगाच पाणी घालवलं. फुटला असता तर मी शहाणी ठरले असते, फक्त ते ऐकायला उरले नसते.

एप्रिलात नळ आटले. नणंद रोज सकाळी हंडा घेऊन खाली यायची. मी पाणी काढून द्यायचे, चढापर्यंत हंडा माझ्या डोक्यावर. सगळी वाट ती मला शिव्या द्यायची. मी ऐकून घ्यायचे. त्या तिच्या हक्काच्या होत्या.

पुढच्या गणपतीत मंडळी आली आणि परत पोत्यांची कुजबुज सुरू झाली. आमचे हे बहिणीकडे रिकामी पोती मागायला गेले. मी बरोबर होते. भांडायची तयारी करूनच गेले होते, पण मला तोंड उघडावंच लागलं नाही.

नणंदेने पडवीतून पोत्यांची चळत आणून भावाच्या पुढ्यात टाकली. "ने दादा. पण घालशील त्या दिवसापासून तू मुंबईला जायचं नाय. खाली आईच्या खोलीत झोपायचं, पाऊस जाईपर्यंत. वयनी येऊन राहील माझ्याकडे."

ह्यांनी चळत उचलली आणि परत पडवीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट त्यांच्या खिशात होतं.