सोजरबाईचं दूध

सोजरबाई तोंडाची फटकळ, हे सोलापुरातल्या त्या गिरणीच्या चाळीत कुणालाही विचारा. पण रुद्राणीपुढे तिला नावं ठेवायची सोय नव्हती.

सन अठ्ठावीसमध्ये रुद्राणीला पहिला मुलगा झाला. पोर रडायचं नाही, पाजायला घेतलं की दोन घोट ओढून झोपी जायचं. सासू सुंदरम्मा येईल त्याला सांगायची, "लई गुणाचं हाय. दुपटीसुद्दा भिजवत न्हाय!" रुद्राणीला पुरेसा पान्हाच फुटला नव्हता; पण पहिलटकरणीनं हे बोलायचं कुणाकडे? लाजेनं ती गप्प राहिली.

शेजारची सोजरबाई गिरणीत कामाला. तिचं तान्हं नुकतंच तापानं गेलेलं. मूल गेलेल्या बाईची सावली बाळंतिणीवर नको, म्हणून सुंदरम्मा तिला उंबऱ्याच्या आत घेत नसे. एका सकाळी दारातूनच तिनं सुंदरम्माचं ते कौतुक ऐकलं.

"दुपटी भिजत न्हाय? कवापास्नं?"

"कालपास्नं," रुद्राणी आतून म्हणाली.

सोजरबाई सरळ आत शिरली. पोराचे ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली. "गुणाचं कसलं, म्हातारे! उपाशी हाय लेकरू. रडायलाबी बळ न्हाय त्याला."

"अय्यो शिवने!" सुंदरम्मा पोरावर वाकली. पण सोजरबाईनं पदर सारला तशी आडवी आली. "तू नको ग. तुजं दूध..."

"व्हय, मेलेल्याचं दूध. मग ह्यालाबी जाऊ द्यायचं?"

रुद्राणीनं सासूकडे पाहिलंच नाही. पोर उचलून सोजरबाईच्या मांडीवर ठेवलं. त्याला ओढवेना, म्हणून सोजरबाईनं वाटीत दूध पिळून बोळ्यानं थेंब थेंब पाजलं. डॉक्टर आले, त्यांनीही हेच चालू ठेवा म्हणून सांगितलं. संध्याकाळी पोरानं टाहो फोडला आणि रुद्राणीनं रडतरडत सोजरबाईचे पाय धरले. पुढं रुद्राणीला दूध येईपर्यंत सोजरबाई कामावर जाता-येता पाजत राहिली.

बारशाला मात्र ती फिरकली नाही. शुभकार्यात आपलं तोंड कशाला, म्हणून घरातच बसली. सुंदरम्मा स्वतः गेली, हाताला धरून तिला घेऊन आली आणि पोर तिच्या हातात दिलं. "पाळण्यात तूच घाल. तुज्यामुळं हाय त्ये."

पोर तोंड वळवून तिच्या चोळीशी चाचपू लागलं.

"पाळणा ऱ्हाऊ द्या, भुकेलंय की," म्हणत सोजरबाई भर बायकांत बसून पाजू लागली. साऱ्या बघतच राहिल्या. तशी दृष्ट लागू नये म्हणून सुंदरम्मानं आपला पदर त्या दोघांवर धरला.