भाताची चौथी वाटी

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होत असे. २००८ च्या अखेरीस पाणीच यायचे बंद झाले. दुबईतल्या बांधकामांवरून रोज येणाऱ्या नमुन्यांच्या बाटल्या आधी निम्म्या झाल्या, मग चार-दोन उरल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नमुन्यांच्या फ्रीजमध्ये आम्ही आपापले जेवणाचे डबे ठेवू लागलो. व्यवस्थापनाने संकटाला धैर्याने तोंड दिले. भिंतीवर उगवत्या सूर्याचे एक पोस्टर लावले आणि नोकरकपातीला ‘राइटसायझिंग’ म्हणायचे ठरवले.

आमच्या विभागात शेवटी दोघेच उरलो, विभागप्रमुख असलेले सर आणि मी. महिनाअखेर त्यांतला एकच राहील असे एचआरने कळवले. कोण राहील, हे अबू धाबीतल्या रुवैसच्या कामाचा ग्राहक काय म्हणतो यावर ठरणार होते. जो राहणार नाही त्याचा व्हिसा रद्द होणार होता आणि त्याला तीस दिवसांत देश सोडावा लागणार होता. मी सव्वीस वर्षांची होते. डोंबिवलीला परतून बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवणे माझ्या आयुष्याच्या आराखड्यात कुठेही बसत नव्हते.

रुवैसचा प्रश्न तसा सोपा होता. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका प्रकल्पात मीठ अडवणारे पडदे लवकर खराब होतात, असे आमचेच अहवाल सांगत होते. प्रकल्प चालवणाऱ्या जपानी कंपनीचे वयस्क मुख्य अभियंते ते सगळे पडदे बदलण्याच्या बेतात होते. चार महिने खपून मी शोधले की पडदे ठणठणीत आहेत, बिघडतात ते नमुने. बाटल्या रुवैसहून दुबईपर्यंत उघड्या पिकअपमध्ये, भर उन्हात प्रवास करीत, आणि वाटेत त्या पाण्यात जिवाणूंचा सुखाचा संसार सुरू होई. बर्फाच्या पेटीतून आणलेल्या नमुन्यांत काहीही दोष सापडत नव्हता. हा निष्कर्ष सरांच्या साठ स्लाइडच्या सादरीकरणात सत्तेचाळिसाव्या स्लाइडवर, बारीक अक्षरांत आणि माझ्या नावाशिवाय, विसावला होता.

एका गुरुवारी अभियंत्यांनी ‘ज्यांनी काम केले त्यांना’ दुपारच्या जेवणाला बोलावले. जेवून ते थेट विमानतळावर जाणार होते, आणि आमच्याविषयीचा निर्णय तोक्योला पोहोचल्यावर कळवणार होते. निमंत्रणातल्या अनेकवचनामुळे सरांना मला नेणे भाग पडले.

“हे बघ,” गाडीत त्यांनी मला बजावले, “तू फक्त स्माइल कर. कामाचा विषय मी काढीन. जपानी लोकांना मध्येच बोललेलं आवडत नाही.”

“कधी काढणार, सर?”

“योग्य वेळी. इन्शाल्ला.”

मी तयारी करून गेले होते. आठवडाभर चॉपस्टिक्सने भिजवलेले हरभरे उचलण्याचा सराव केला होता. आईला फोनवर विचारले, तर ती निर्धास्त होती. “भात खातात ना ती माणसं? मग आपलीच की! वेगळं काय असणार आहे?” शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या मुलीने या एका विधानावर भिस्त ठेवायला नको होती.

बर दुबईतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते उपाहारगृह होते. नवरा रांधत होता, बायको वाढत होती. पदार्थ निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते दोघे ठरवतील ते, ठरवतील त्या क्रमाने समोर यायचे. पहिल्यांदा हातभर लांबीच्या ताटलीत सुपारीएवढा टोफू आला. मग झाकणाच्या वाटीत निवळशंख सार आले, त्यात लिंबाच्या सालीचा एकच कपटा होता. मग कच्च्या माशाचे तीन काप, वाफवलेल्या अंड्याची मऊ वाटी, भाजलेल्या माशाचा तुकडा, भोपळ्याच्या दोन फोडी. भांडे जितके मोठे तितका पदार्थ लहान, हे गुणोत्तर कुठेही ढळले नाही. सर एरवी शुद्ध शाकाहारी होते, आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये कोणी अंडे गरम केले तरी ईमेल पाठवत. त्या दुपारी ते ग्राहकाखातर सर्वभक्षक झाले आणि दर घासाला “वंडरफुल!” म्हणत राहिले. उरलेल्या वेळात ते गोल्फवर बोलले.

मी मात्र शांत होते, कारण माझ्या मते जेवण अजून सुरूच झाले नव्हते. आमच्याकडे पानात आधी डावी बाजू सजते, म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग भाताची मूद पडते, तिच्यावर वरण, तूप, आणि तेव्हा कुठे माणसे हात घालतात. समोर येणारे सगळे मी मनातल्या मनात डाव्या बाजूला मांडत होते. टोफू ही चटणी, भोपळा ही भाजी, कच्चा मासा हे धाडसी पंचामृत. भात आला की खरे जेवण सुरू होईल, सगळे सैलावतील आणि मी बाटल्यांचा विषय काढीन, असा माझा बिनचूक हिशेब होता.

तासाभराने मालकीणबाई मातीचे जड भांडे घेऊन आल्या. झाकण उघडताच वाफ उसळली. आत भात होता. सोबत लोणच्याच्या चार फोडी आणि एकेक वाटी सार. मी पाठ ताठ केली आणि म्हणाले, “आता जेवायला सुरुवात होतेच आहे, तर मला एक सांगायचं आहे.”

अभियंते प्रसन्न हसले. “सुरुवात? नाही, नाही. भात म्हणजे शेवट. यानंतर फळाची एक फोड, आणि मी विमानतळावर.”

“खलास, मॅडम,” सर मराठीत पुटपुटले. त्यांचा चेहरा त्या दिवशी प्रथमच मनापासून उजळला होता.

माझी वाटी भराभर रिकामी होत होती. तेवढ्यात मालकीणबाईंनी हात पुढे करून, आणखी हवा का, असे खुणेने विचारले. सरांनी पोटावर हात ठेवून नकार दिला. अभियंते मला म्हणाले, “घ्या की! तुम्ही जेवत असताना मी उठणार नाही.”

आयुष्यात इतका उपयुक्त नियम मला कोणी सांगितला नव्हता. मी दोन्ही हातांनी वाटी पुढे केली.

दुसऱ्या वाटीवर मी बाटल्यांचा प्रवास सांगितला. “हे सगळं स्लाइड सत्तेचाळीसवर आहे,” सर घाईने म्हणाले. तिसऱ्या वाटीला अभियंत्यांनी चॉपस्टिक्सचे कागदी वेष्टण उलटे करून माझ्यापुढे सरकवले, आणि मी त्यावर दोन आलेख काढले, एक उन्हातला आणि एक बर्फातला. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग सरांकडे वळून विचारले, “पिकअपमध्ये बाटल्या नेमक्या कुठे ठेवत?”

“ते... लॉजिस्टिक्सचं डिपार्टमेंट बघतं.”

“मागच्या उघड्या भागात,” मी म्हणाले, “निळ्या क्रेटमध्ये. त्यावर आच्छादन नसे. मी दोनदा सोबत गेले होते.” आणि वाटी पुढे केली.

चौथ्या वेळी भांडे रिकामे झाले होते. एवढा भात कोण खाते आहे हे पाहायला मालक स्वतः बाहेर आले. माझ्या पाच फूट देहाकडे त्यांनी अविश्वासाने पाहिले, आत गेले आणि बुडाची खरपूस खरवड मीठ लावून घेऊन आले. मी तीही खाल्ली. तोवर अभियंत्यांनी कागदी वेष्टणाची घडी घालून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. त्यांचा ड्रायव्हर खालून तिसऱ्यांदा फोन करीत होता.

परतीच्या गाडीत सरांनी रेडिओवरच्या बातम्या लावल्या. मी सीट मागे कलती केली; चार वाट्यांनंतर सरळ बसणे शारीरिकदृष्ट्या शक्य नव्हते.

पुढच्या आठवड्यात तोक्योहून दोन ओळींचा ईमेल आला. पडदे बदलणार नाहीत. काम आणखी एक वर्ष चालेल. यापुढे अहवालावर ‘बाटल्या कुठे ठेवल्या होत्या हे जिला ठाऊक आहे तिची’ सही असावी. एचआरने माझे अभिनंदन केले, आणि सरांनी ‘नव्या संधी शोधण्यासाठी’ कंपनी सोडल्याचे सर्वांना कळवले. त्यांच्यासाठी केक आला. मला फार आनंद होईल असे वाटले होते, पण ते केक कापत असताना निरोपाला आलेली त्यांची शाळकरी मुलगी बाजूला उभी राहून इंग्रजीत “पपा, आर वी गोइंग होम फॉर गुड?” असे विचारत होती. मी बराच वेळ पोस्टरवरचा सूर्य पाहत राहिले.

निघताना त्यांनी मला दाराशी गाठले.

“एक खरं सांग. भात शेवटी येतो हे तुला आधीच माहीत होतं ना? मुद्दाम थांबली होतीस. टायमिंग.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडे कौतुकच होते. चार वर्षे त्यांच्या हाताखाली काम करून जे मिळाले नव्हते ते मला माझ्या अज्ञानाने मिळवून दिले होते. डावपेचाने हरलो असे वाटणे त्यांना बहुधा परवडत होते. एका भाबड्या चुकीने हरलो, हे परवडले नसते.

“अर्थात, सर,” मी म्हणाले.