मोरे वहिनींचं एका पगाराचं गुपित

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण चहाचा घोट आधी गिळून घ्या. माझ्या पँटवर उडायला नको. पँट या वस्तूशी माझं तेव्हापासून जरा वाकडंच आहे.

ही गोष्ट बदलापूरची, कुळगावात आम्ही नवीन फ्लॅट घेतला तेव्हाची. मोबाईलवर मिस्ड कॉल द्यायचे दिवस. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत नट-बोल्टच्या कंपनीत, क्वालिटी चेकिंगला. बायको सुनंदा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात बिलं लिहायची. आमची सई दहा महिन्यांची. तिला माझी आई सांभाळायची, पण आईचे गुडघे बोलायला लागले आणि ती गावी गेली. आता सईला बघणार कोण?

मी म्हटलं, "तू नोकरी सोड. समोरचे मोरे बघ! एकटे मोरेभाऊ कमावतात, वहिनी घरी. तरी पोरगा इंग्लिश मीडियमला आणि घरात नवीन फ्रिज. त्यांना परवडतं, आपल्याला का नाही?"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "माझ्या पगारात फ्लॅटचा हप्ता जातो. त्यांना कसं परवडतं ते आधी शोधून काढा. तुम्हाला पटलं, तर सोमवारी राजीनामा देते."

झालं! मी आठवडाभर रजा टाकली. सईला सांभाळायचं आणि शोध लावायचा. खरं सांगू? राजीनाम्यापेक्षा मला त्या फ्रिजचंच कुतूहल जास्त होतं. मोरेभाऊंचा पगार माझ्याएवढाच. मग आमच्या घरात वीस तारखेला खडखडाट आणि यांच्याकडे फ्रिज कसा?

पण असं तोंडावर विचारायचं तरी कसं? पहिल्या दिवशी त्यांच्या दारातल्या दुधाच्या पिशव्या मोजल्या. दोन. आमच्याही दोनच! दुसऱ्या दिवशी मला राहवेना. अंगात बनियन, दाढी वाढलेली, कडेवर रडणारी सई, अशा अवतारात भर अकरा वाजता वहिनींना जिन्यात गाठलं.

"वहिनी, रागावू नका, पण एका पगारात कसं हो भागवता?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सईकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "होईल सगळं नीट, भावजी," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला वाटलं, स्वभावच हळवा असेल.

मग तोच प्रश्न मी तळमजल्यावरच्या पाटीलकाकांना विचारला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी वरच्या काकूंनी वाटीभर मटकीची उसळ पाठवली. सोसायटीचे सेक्रेटरी तर मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "दिवसपाळीला वॉचमन पाहिजेच आहे आपल्याला. बघा, विचार करा." मी म्हटलं, बघतो कुणी ओळखीत असला तर! काय माणसं आहेत, म्हटलं, नुसता एक प्रश्न विचारला तर केवढा जीव लावतात.

गुरुवारी दुपारी मोरे वहिनी दारात. हातात हे एवढं मोठं गाठोडं.

"भावजी, कंपनीला टाळं लागलं म्हणून असे हातपाय गाळायचे नाहीत."

आता माझी ट्यूब पेटली! मी तोंड उघडलं, "अहो वहिनी, तसं काही..."

"लाजताय कशाला? आमचं घर यावरच चाललंय. उल्हासनगरहून जीन्स येतात, मी घरी बसून धागाकटिंग करते. ह्यांना चारचौघांत सांगितलेलं आवडत नाही, म्हणून बोलत नाही कुठे. सुनंदाला तुम्ही अजून सांगितलं नसेल ना? मी पण नाही सांगणार."

बोला! फ्रिजचं गुपित आपल्या पायांनी माझ्या दारात आलं होतं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं मी. पण सांगितलं असतं तर वहिनी तिथेच गप्प झाल्या असत्या, आणि मला तर अजून विचारायचं होतं. दिवसाला किती पँटी होतात? स्वयंपाक कधी करता? माल कोण आणतं? मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या, आणि जाताना आपल्या वाट्याच्या तीस पँटी माझ्याकडे ठेवून गेल्या.

"लोंबणारे धागे कातरायचे, बस्स. उद्या माल जायचाय."

आता माझी नोकरी काय? क्वालिटी चेकिंग! बोल्टवर केसाएवढी कड राहिली तरी मी पेटी परत पाठवणारा माणूस. पँट उलगडून बघतो तर खाली दोन्ही पायांना धाग्यांची ही झालर! शी! हे काय शिवलंय? मी कात्री घेतली, कंपनीतली स्टीलची पट्टी घेतली आणि तीसच्या तीस पँटींचे पाय एका रेषेत सरळ कापून काढले. सई त्या ढिगावर गाढ झोपली होती. मला स्वतःचा असा काही अभिमान वाटला म्हणता! सकाळी गाठोडं बांधून मीच टेम्पोत चढवलं, वहिनींना उघडून बघायचीही वेळ आली नाही.

शुक्रवारी सुनंदा घरी आली. चप्पलसुद्धा न काढता तिने पिशवीतून एक पँट काढून माझ्यापुढे धरली.

"पट्टी लावून कापलेलं हे काम कुणाचं?"

"का? छान झालंय ना?"

"अहो, खालून धागे सुटलेल्या पँटची फॅशन आहे सध्या! ते धागे कारागिरांनी घासून घासून मुद्दाम सोडलेले! माल वहिनींच्या नावावर. शेठने त्यांचं काम बंद केलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"त्यांना काम मीच मिळवून दिलंय. कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता, म्हणून तुम्हाला शोधायला सांगितलं. शोधायला! कापायला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईने मला आपल्या घासातला घास दिला, तिच्याच पोराच्या फीवर मी कात्री चालवली होती. तसाच समोर गेलो आणि वहिनींना सगळं कबूल केलं. त्यांनी डोक्याला हात लावला, आणि मग विचारलं, "म्हणजे कंपनी चालू आहे? बरं झालं बाई!" ते ऐकून मला आणखीच लाज वाटली.

शनिवारी सईला घेऊन शेठपुढे उभा राहिलो. "गलती मेरी है, वहिनी की नहीं."

शेठने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नौकरी है तुम्हारी?"

"है."

"तो साईं, जाओ ना नौकरी पे! क्यों मेरा धंदा बिठाते हो?"

त्या तीस पँटी गुडघ्याखाली कापून थ्री-फोर्थ म्हणून निघाल्या, आणि वहिनींचं काम पुन्हा सुरू झालं. सोमवारपासून सईही दिवसभर त्यांच्याकडेच राहायला लागली, रीतसर पैसे देऊन.

त्या सकाळी कामावर निघताना मी सुनंदाला हळूच विचारलं, "मग राजीनाम्याचं काय ठरलं?"

ती म्हणाली, "मी घरी बसले तर ओढूनताणून एका पगारात भागेल. पण तुम्ही घरी बसलात, तर दोन पगारही पुरायचे नाहीत!"