पावसात मोजलेली जागा

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास मी डहाणूजवळच्या किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीत कारकून होतो. प्रत्येक सभेला एक म्हातारी मासळीवाली यायची. वारा कुठून येतोय ते बघून पाटी बाहेर ठेवायची, हात पदराला पुसायची आणि उंबऱ्यापाशी बसायची. ती सदस्य नव्हती. तरी ठराव विहिरीच्या गाळाचा असो की दिवाबत्तीचा, सदस्यांचे हात वर गेले की तिचाही जायचा. सरपंच हसायचे. मी तिचा हात सोडून बाकीचे मोजायचो. तिचं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही.

एकदा नव्या बाजाराचा आराखडा सभेपुढे आला. समुद्राकाठची एक मोठी जागा नकाशात पडीक दाखवली होती आणि तिथे गाळे बांधायचे होते. सगळ्यांचे हात वर गेले. तिचा मात्र मांडीवरच राहिला.

"काय आजी, आज हात नाही वाटतं?" सरपंचांनी गमतीने विचारलं.

"ती जागा तुमी पावसात मोजलीत," ती शांतपणे म्हणाली. "तवा आमच्या काठ्या घरात असतात. दिवाळीनंतर या. पाय ठेवायला जागा मिळाली तर बांधा गाळे."

बोंबील सुकवायच्या त्या काठ्या आम्ही जन्मापासून बघत आलो होतो, पण नकाशा बघताना एकालाही आठवल्या नाहीत. सरपंचांनी नकाशा गुंडाळला आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजणी करण्याचा ठराव मांडला.

त्या वेळी हात मोजायला मी उंबऱ्यापासून सुरुवात केली.