उघडी ठेवलेली खांड

खाडीचा बांध फुटून खांड पडली की गावात हाक जायची आणि माणसं हातातलं काम टाकून धावायची. धर्मा त्यात कायम पुढे. खारं पाणी भातात शिरलं तर पीक जातंच, पुढची काही वर्षं जमीनही नापीक होते. म्हणून शेत कोणाचं हे तो विचारत नसे. आता तरणी माणसं ट्रकवर नाहीतर कंपनीत. हाक ऐकून निघायचे ते धर्मा आणि त्याची बायको कमळ.

शेजारच्या परेशने आपल्या कोळंबीच्या तळ्यात पाणी घ्यायला सामाईक बांध कापला. उधाणाला ते पाणी धर्माच्या शेतात येऊ लागलं. कमळ म्हणाली, "दर खेपेला आपणच चिखलात उतरायचं काय? साहेबांकडं जावा."

धर्माने तहसीलदारांकडे अर्ज केला. पाहणीची तारीख लागली, पण त्याआधीच उधाण आलं. नवराबायकोने खांड बुजवली. तहसीलदार आले तेव्हा बांध सलग होता.

"धर्माकाका, खांड दाखवा की," परेश म्हणाला. "का सपनात पडली?"

पंचनाम्यात बांध शाबूत असल्याची नोंद झाली. सुनावणीला धर्मा म्हणाला, "साहेब, पुराच्या साली मदत घेऊन तुम्हीच आलेलात. माझ्या पडवीत चहा घेतलात. मी खोटं बोलंन व्हय?"

"तेव्हा मदत वाटायला आलो होतो. आज निवाडा करायला बसलोय," तहसीलदार म्हणाले. "कचेरी तीच असली तरी इथे मला दोघांचं ऐकून पुराव्यावरच ठरवावं लागतं. उद्या परेशकडे चहा घेऊन त्याच्या मनासारखं लिहिलं, तर चालेल तुम्हाला?"

अर्ज फेटाळला गेला.

भाद्रपदात परेशने पुन्हा बांध कापला. धर्माने पुन्हा अर्ज केला आणि सवयीने घमेलं उचललं.

"बुजवा," कमळ म्हणाली. "म्हंजे परत सपनातच पडंल."

त्याने घमेलं खाली ठेवलं. मग रोज भरतीला तो बांधावर जाऊन उभा राही आणि पाणी आत जाताना बघून परत येई. पोटरीत आलेलं, लोंब्या टाकायच्या बेतातलं भात पिवळं पडलं, मग करपलं.

पाहणीला आलेल्या तहसीलदारांनी खांड मोजून घेतली. शेताकडे नजर गेली तेव्हा ते थबकले. "इतके दिवस उघडीच ठेवलीत?"

"पुरावा हाय, साहेब."

निकाल धर्माच्या बाजूने लागला. परेशने मशीन लावून एका सकाळीत बांध पूर्ववत केला. दिवाळीनंतर ऊन तापलं तसं धर्माच्या शेतावर मीठ फुलून आलं.

पुढच्या पावसाळ्यात गावातल्या बाळाजीच्या बांधाला खांड पडली. तो धावत धर्माच्या दारात आला. "चल रे, पाणी आत घुसतंय."

घमेलं पडवीत पालथं होतं. धर्मा जागचा हलला नाही.

"पाहणी झाली काय?" त्याने विचारलं.