टीव्हीची गिट्टी

दारव्ह्यात आमच्या घराले लागून चाचाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाले भाव नव्हता त्या वर्षांत खेड्यातले लोक बंद टीव्ही आनून देत, अन् न्यायले येतच नसत. चाचा दुरुस्त करून ठेवे. टीव्ही ठेवल्या ठेवल्या पुन्हा मरे. मागच्या अंगनात डब्बा टीव्हीची भिंतच झालती. भंगारवाल्यानं विचारलं तं चाचा म्हने, "लोगों की अमानत है. मालकानं हो म्हनल्याबिगर एक स्क्रू नाही देत."

तेवढ्यात त्याच्या पोरीचा निकाह ठरला. मांडव अंगनातच. अन् अंगन म्हंजे काळी माती. पानी आलं की पाहुना पुढं अन् चप्पल मांगं. काँक्रीट टाकायचं ठरलं, पन गिट्टीचा ट्रक आज-उद्या करत अर्धाच आला.

मले लोकाइचे आवाज काढायचा नाद. तहसीलदार, कंडक्टर, लग्नातला बँडवाला, अभ्यास सोडून सारं येत होतं. पन कॉलेजात सरानं सांगतलेलं एक ध्यानात राह्यलतं. जुन्या टीव्हीच्या पडद्याची काच फोडून काँक्रीटमधी गिट्टीच्या जागी चालते. फक्त समोरची. मागच्या नरसाळ्यात शिसं असते, ते घ्यायचं नाही.

चाचा खूश झाला, अन् लगेच उदास. "मालकाइले फोन लाव. सगळे हो म्हनले तरच."

सात टीव्ही, सात चिठ्ठ्या, सातही नंबर बंद. निकाहाले बारा दिवस. मी चाचाले सांगतलं, "मिस कॉल देल्ले, आता ते पलटून करतीन." अन् भिंतीमांगं जाऊन माह्या मोबाईलवरून दुकानातल्या फोनवर रिंग मारली.

सात खेपा मारली. राळेगाववाल्या पाटलाले तं मी असा आवाज देल्ला का फोनातून मिशा दिसाव्या. "टाका गिट्टीत. आमाले काय कराचं हाय." चाचा उभा राहून "जी पाटीलसाहेब, जी" करून राह्यलता.

मंग चाचानं एकेका ट्यूबची मागची नळी मोडून आत हवा सोडली, तोंडाले ओलं फडकं बांधलं अन् पोत्याखाली पडदे फोडले. मिस्त्रीनं ते तुकडे वाळूसंगं ड्रममधी गडगड फिरवले, धार मरावी म्हनून. "अर्धी गिट्टी साधीच टाकतो," तो म्हने, "नाही तं जमीन बातम्या द्यायले लागन."

अंगन असं चमकलं का बाजूच्या बुढ्या चपला काढून वर चढू लागल्या. काहून विचारलं तं एक म्हने, "यातल्या एखाद्यात रामाची मालिका लागली असन ना, बापा." तिले पाहून चाचाचे पाहुनेही चपला काढू लागले. कोनी विचारलंच नाही.

निकाहाले दोन दिवस राह्यले अन् एक बाई जीपमधून उतरली. "माहा टीव्ही न्यायले आली. राळेगाव."

तो टीव्ही जीपवाल्यानं आनून टाकलता. चिठ्ठीवर नंबर अन् 'राळेगाव, पाटील' एवढंच.

"पाटीलसाहेब नाही आले?" चाचानं विचारलं.

"मीच पाटील."

"फोनवर तं आवाज मोठा जाडा होता."

"कोनता फोन? मोबाईल विहिरीत पडून साल झालं."

चाचानं माह्याकडं पाह्यलं. मले एवढे आवाज येत होते, पन त्या टायमाले माहाच नाही आला.

तो घरात गेला. चाचीची मालिका चालू होती, तसाच टीव्ही उपसून आनला अन् बाईपुढं ठेवला.

"हा तं मोठा हाय," बाई म्हने.

"इतके दिवस इथं राह्यला. वाढला."

बाई गेली तसा चाचानं घन आनून भिंतीले टेकवला. "बाकी सहा. सहाही जनाचं खरं हो येईपर्यंत या काँक्रीटवर निकाह नाही लागत. एक जरी नाही म्हनला तं फोडून टाकू. जाय. अन् आपल्या आवाजात विचारजो."

दोन दिवस मी मोटारसायकलवर गावोगाव फिरलो. "भाऊ, तुमचा टीव्ही आमी अंगनात टाकला. चालते काय?" एक म्हने, "चालते तं घेऊन ये ना इकडं." एकानं बंद फ्रिजही देऊ केला, राह्यलेल्या कोपऱ्यासाठी. पाच जनाइनं चिठ्ठीमांगं सही करून देल्ली.

सहावा निकाहाच्या दिवशी नेरजवळ वावरात सापडला, फवारनीचा पंप पाठीवर. त्याले सही येत नव्हती. मी चाचाले फोन लावून त्याच्या हातात देल्ला.

"हो चाचा, टाका," तो म्हने.

"फोन ठेव, नालायक," चाचा म्हने. "आता तरी सुधर."

"अहो, मी खराच हावो."

"सातही जन हेच म्हनत होते."

मंग काय, त्याले पंपासकट मांगं बसवलं अन् दारव्ह्याले आनलं. मांडव भरलता. पाहुने कोरड्या काँक्रीटच्या काठाले, मातीत, उभे. काजीसाहेब खुर्चीवर बसून घड्याळ पाहून राह्यलते. चाचानं त्या मानसाचे दोन्ही हात धरले अन् विचारलं, तुमचा टीव्ही आमी गिट्टीत टाकला, कबूल हाय का.

"हो."

चाचानं पुन्हा विचारलं. अन् पुन्हा. तिन्ही खेपा तो हो म्हनला, तिसऱ्या खेपेले तं थोडा लाजला. मंग काजीसाहेब उठले अन् पोरीले तेच विचारायले गेले.